बावीस मिनिटं आणि कार्बनची चाकं

माझं वय एक्कावन्न आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो अन्याय झाला तो समजायला हा आकडा लागेल. एक्कावन्न म्हणजे एसटीत सवलत नाही, बँकेत वेगळी रांग नाही, आणि कॉलेजात अजून सात वर्षं पेपर तपासायचे आहेत. अशा माणसाला 'ज्येष्ठ' म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही एका सोमवारी सकाळी आमच्या सावेडीतल्या सायकल क्लबच्या ग्रुपवर दोन याद्या आल्या. एक 'अ गट' आणि दुसरी 'ज्येष्ठ गट'. दुसऱ्या यादीत पहिलं नाव माझं होतं: गोरक्षनाथ सर. नावापुढे हात जोडलेले होते.

याद्या टाकणारा रविराज हा आमच्या क्लबचा अध्यक्ष. त्याचं ट्रॅक्टरचं शोरूम आहे. त्याआधी तो माझा विद्यार्थी होता. बारावीला भौतिकशास्त्रात त्याला अडतीस मार्क पडले होते, आणि त्यातले तीन मी दयेपोटी दिले होते हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी त्याला लगेच फोन लावला.

"रविराज, हे काय आहे?"

"सर, चुकीचं काही नाही. चांदबीबी महालाचा चढ पायथ्यापासून बावीस मिनिटांत जो चढेल तो अ गटात. तुम्हाला पंचवीस लागतात. आम्हाला वर थांबायला लागतं."

"मग थांबत जा की."

"सर, घाम गार होतो."

माझ्यामुळे त्यांचे घाम गार होतात! चांदबीबी महाल हा खरं तर चांदबीबीचा नाहीच, ती सलाबतखानाची कबर आहे, ही माहिती मी दर रविवारी वर पोचल्यावर या लोकांना फुकट देत होतो. ऐकायला कोणी नसायचं हा भाग वेगळा, कारण तोवर ते उतरायला लागलेले असायचे. पण ज्ञानदानाची ही किंमत होईल असं वाटलं नव्हतं. रविराजनं उपकार केल्यासारखी एक मुदत दिली. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी पुन्हा चाचणी. बावीसच्या आत आलात तर नाव अ गटात, नाहीतर कायमचे ज्येष्ठ.

कल्याण हा माझा सहकारी. तो अर्थशास्त्र शिकवतो, माझ्याच वयाचा आहे, आणि वजनानं माझ्यापेक्षा अकरा किलो जास्त आहे. तरी तो अ गटात! स्टाफरूममध्ये मी त्याला कारण विचारलं.

"चाकं," तो म्हणाला. "कार्बनची टाकली. मागच्या वर्षी मला सव्वीस लागायची, आता बावीस लागतात."

"चाकांनी चार मिनिटं कमी होतात?"

"गोरक्ष, तू अजून ॲल्युमिनियमवर आहेस रे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा बघून हसला की मी डबा अर्धवट ठेवून उठलो.

त्या दिवसापासून मी कार्बनच्या चाकांचा अभ्यास सुरू केला. चांगली चाकं दीड-दोन लाखांना मिळतात. म्हणजे ती माझ्यासाठी नव्हती. परवडतील अशी चाकं शोधणं, ती तपासणं, आणि त्यातून एक जोडी निवडणं, हे काम मी शास्त्रीय पद्धतीनं करायचं ठरवलं. चोवीस वर्षं प्रयोगवह्या तपासलेला माणूस मी. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं एका वहीत आखून घेतलं. बायकोनं वही पाहिली आणि "'खर्च' नावाचा रकाना राहिला आहे" एवढंच म्हणाली.

आमच्या शेजारी मच्छिंद्रअप्पा राहतात. साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत, आणि आमच्या गल्लीत कोणी काही खोललं की ते तिथे हजर असतात. मी सायकल उलटी करून बसलो होतो, तेव्हा ते कुंपणावरून वाकले.

"काय चाल्लंय सर?"

"चाकं बदलायची आहेत. कार्बनची टाकणार."

"कारबन टाकनार?" अप्पांचा चेहरा गंभीर झाला. "अवो, लोकं कारबन काढून टाकत्यात. माझ्या स्प्लेंडरच्या पलगला लई धरतो. पाहिजे तेवढा घिऊन जा."

मी त्यांना समजावलं, की हा तो कार्बन नाही, हे धागे असतात, विमानात वापरतात, लोखंडापेक्षा मजबूत आणि वजनाला हलके. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि किंमत विचारली. मी आकडा थोडा कमी करून सांगितला. तरी त्यांनी कुंपणाला धरून बोटांवर हिशेब केला.

"एवढ्यात जुनी स्प्लेंडर येती," शेवटी ते म्हणाले. "तिला पायडल बी मारावं लागत न्हाई."

मग ते स्वतःच म्हणाले की चाचणीला मी येतो, वेळ मी लावतो. मला मदतनीस हवाच होता. अप्पा पायथ्याला उभे राहतील, घड्याळ सुरू करतील, आणि स्प्लेंडरवर माझ्या मागून वर येतील असं ठरलं.

पहिली जोडी केडगावच्या अमजदकडून आणली. तो वापरलेल्या सायकली आणि त्यांचे भाग विकतो. "सर, एक रविवार वापरून बघा, पसंत पडली तर ठेवा," म्हणाला. भला माणूस. चाकांची कड चांगली चार बोटं खोल होती, दिसायला एकदम झोकदार. पण चांदबीबीच्या अर्ध्या वाटेवर डोंगराचा आडोसा संपतो आणि बाजूनं वारा येतो. त्या वाऱ्यानं चाकं धरली आणि मला, माझ्या सायकलीसकट, घाणेरीच्या झुडपात नेऊन ठेवलं. मागून अप्पा आले. त्यांनी स्प्लेंडर बाजूला लावली, घड्याळ बंद केलं आणि विचारलं, "हितं थांबायचं हुतं का?"

मी निरीक्षणाच्या रकान्यात 'वारा प्रतिकूल' असं लिहिलं आणि चाकं अमजदला परत केली.

दुसरी जोडी मी ऑनलाइन मागवली. कमी खोल कडेची, नवीकोरी, आणि परवडणारी म्हणजे आमच्या घरात फक्त तीन दिवस अबोला होईल इतकीच. शिवाय दहा दिवसांत परत करायची सोय होती. पार्सल चार दिवसांत नगरात आलं आणि कुरिअरच्या ऑफिसात अडकलं. मी गेलो. काउंटरवरच्या मुलीनं माझं आधार कार्ड पाहिलं, मग पार्सल पाहिलं, मग पुन्हा आधार.

"सर, यावर अहमदनगर आहे. पार्सलवर अहिल्यानगर."

"बरोबर. नाव बदललं."

"तुमचं?"

"गावाचं!"

"सिस्टीममध्ये दोन वेगळे पत्ते दिसतात सर. महागड्या वस्तूला पत्ता जुळल्याशिवाय सोडता येत नाही. हा फॉर्म भरा."

फॉर्मवर लिहिलं होतं: पूर्वीचा पत्ता. सध्याचा पत्ता. स्थलांतराची तारीख. स्थलांतराचे कारण. मी त्याच घरात बावीस वर्षं राहतो. आमच्या खिडकीतून दिसणारा कडुनिंबसुद्धा तोच आहे. मी 'कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं: 'मी हललो नाही. नाव हललं.' मुलीनं ते वाचलं आणि विचारलं, "याला काही पुरावा आहे का सर?"

माझा आवाज चढला असावा, कारण मागच्या रांगेतल्या एका गृहस्थानं मला पाण्याची बाटली दिली. मी विचारलं, की मी न हलल्याचा पुरावा काय असतो? ती म्हणाली लाईट बिल चालेल. मी घरी गेलो, लाईट बिल आणलं. तेवढ्यात त्यांची जेवणाची सुट्टी झाली. सुट्टी संपल्यावर साहेब बाहेर गेले होते. असं करत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी साहेब भेटले, त्यांनी कोणताही कागद न बघता "अहो, सरांना देऊन टाका की," असं सांगितलं. तीन दिवसांच्या कागदपत्रांचं काय करायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही.

चाकं मी स्वतः बसवली. त्यासाठी माळीवाड्यात अजीजभाईंच्या दुकानात जा असं कल्याण म्हणत होता, पण ज्यानं चक्रीय गती शिकवली त्यानं दोन चाकं बसवायला दुसऱ्याकडे जायचं? चाकं बसली. फिरवल्यावर 'सर्रर्र सर्रर्र' असा बारीक आवाज येऊ लागला. कार्बनच्या चाकांना खास आवाज असतो असं मी वाचलं होतं, त्यामुळे समाधान वाटलं. अप्पांनाही बोलावून ऐकवला.

"घासतंय वाटतं कायतरी," अप्पा म्हणाले.

"तो कार्बनचा आवाज आहे, अप्पा."

"व्हय का," ते म्हणाले आणि गप्प बसले. एरवी गप्प न बसणारा माणूस नेमका त्याच वेळी गप्प बसला याचा राग मला अजून आहे.

नव्या चाकांवर पहिली चाचणी झाली: पंचवीस मिनिटं दहा सेकंद. दुसरी झाली: पंचवीस मिनिटं पाच सेकंद. तिसरीत अप्पांनी त्यांच्या मेहुण्याचा फोन आला म्हणून घड्याळ उशिरा सुरू केलं, तरी चोवीस पन्नास. मी खरोखर खचलो. वहीच्या अनुमानाच्या रकान्यात मी पेन टेकवून बसलो होतो, आणि लिहायचं एकच वाक्य सुचत होतं: दोष चाकांत नाही, माणसात आहे. माझ्या पायांतच आता जोर राहिला नाही, आणि रविराजची यादी बरोबर आहे. मी ते वाक्य लिहिलं नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चाकं परत पाठवायचं ठरवून खोकं काढून ठेवलं. रविवारची चाचणी मात्र याच चाकांवर देऊन टाकायची, म्हणजे हरल्यावर निदान सगळं करून बघितलं असं म्हणता येईल.

त्या शनिवारी दुपारी शेवगावहून माझ्या सासूबाई आल्या. आक्काबाई त्यांचं नाव. पंच्याहत्तरीच्या आहेत आणि घरात आलेल्या कोणत्याही चाक असलेल्या वस्तूची पूजा झाल्याशिवाय ती वस्तू वापरात आली असं त्या मानत नाहीत. आमच्या वॉशिंग मशीनलासुद्धा खाली छोटी चाकं आहेत म्हणून तिच्यापुढे नारळ फुटला होता. मी संध्याकाळी कॉलेजातून परत आलो तर सायकल पाटावर उभी, हँडलला झेंडूचा हार, आणि दोन्ही चाकांच्या कडा लालभडक.

"आक्का, हे काय?"

"पूजा केली, जावईबापू. नवी चाकं अन् तशीच फिरवताय व्हय? कोरडं कुकू राहीना, लई गुळगुळीत हाय तुमची गाडी. मंग खोबरेल तेलात कालवलं. समद्या चाकाला गोल लावलंय बगा, दोन्ही अंगानं."

मी कापड घेतलं. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, पुसू नका हं. आई गुडघे धरून खाली बसली होती तासभर."

इथे मी एक कबुली देतो. माझी सायकल जुन्या पद्धतीची आहे. तिचे ब्रेक चाकाची कड दोन्ही बाजूंनी आवळतात. त्या कडेला तेल लागलं तर काय होईल, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही. पण मी विचार केला, चाचणी चढाची आहे, चढावर ब्रेक लागत नाही. उतरताना चालत येऊ. सासूबाई समोर पाटावर बसून कौतुकानं बघत होत्या. मी कापड ठेवून दिलं.

रविवारी सकाळी सहाला पायथ्याशी सगळा क्लब जमला. रविराजनं माझी चाकं पाहिली, कुंकू पाहिलं, आणि "वा सर, जोरात तयारी," असं म्हणाला. त्या 'जोरात'मध्ये जी चेष्टा होती ती मी ओळखली. घड्याळ सुरू झालं.

पहिल्या वळणावरच मला काहीतरी वेगळं जाणवलं. तो आवाज नव्हता. पाय तेच, चढ तोच, पण कोणीतरी सायकलीच्या मागची दोरी सोडून दिली असावी असं वाटत होतं. दुसऱ्या वळणावर मी एकाला गाठलं. वाऱ्याच्या टप्प्यावर कल्याण दिसला. मी त्याच्या शेजारून जाताना काही बोललो नाही, फक्त श्वास अगदी शांत चाललाय असं दाखवलं. ते दाखवायला फार त्रास झाला. वर पोचलो तेव्हा रविराज घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होता.

"एकवीस दहा," तो म्हणाला. "सर... एकवीस दहा!"

मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी सलाबतखानाच्या कबरीकडे तोंड करून डोळे पुसले. मागून लोक टाळ्या वाजवत होते. आणि त्या आनंदात, चालत उतरायचं होतं हे मी साफ विसरलो.

उतारावर पहिला ब्रेक दाबला तेव्हा काहीच झालं नाही. दुसरा दाबला, तेव्हाही नाही. मग दोन्ही दाबून मी ओरडलो, "बाजूला व्हा!" अख्खा अ गट बाजूला झाला. मी रविराजलासुद्धा मागे टाकलं, पण त्याची नोंद कोणी ठेवली नाही. शेवटच्या वळणावर रस्ता उजवीकडे गेला आणि मी सरळ गेलो. नुकतंच पाणी दिलेलं कांद्याचं वावर होतं. चाकं चिखलात रुतली आणि मी पुढे जाऊन बसलो. त्या वावराच्या मालकीणबाई, कडूबाई, खुरपं टाकून धावत आल्या.

"आगं आयाऽ! पाठ फुटली ह्या बाबाची! समदी लाल झालीय, रगत वाहतंय!"

मागच्या चाकानं उडवलेलं तेल-कुंकू माझ्या पांढऱ्या जर्सीवर कंबरेपासून मानेपर्यंत बसलं होतं.

"रक्त नाही हो बाई, कुंकू आहे," मी म्हणालो.

कडूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डोस्क्याला बी मार लागलाय," त्या मागून येणाऱ्या रविराजला म्हणाल्या.

संध्याकाळी मी सायकल घेऊन मुकाट्यानं माळीवाड्यात अजीजभाईंकडे गेलो. पन्नास वर्षं सायकली दुरुस्त करणारे अजीजभाई फार कमी बोलतात. त्यांनी चाकाची कड पेट्रोलनं पुसली, सायकल टांगली आणि मागचं चाक हातानं फिरवलं. ते 'सर्रर्र' करत दीड फेरीत थांबलं.

"सर, जुनं चाक हाय का घरी?"

होतं. जाऊन आणलं. त्यांनी त्याची कड माझ्या बोटाखाली धरली. एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला खोलगट चर.

"ब्रेक एका अंगाला सरकलाय. त्याचा रबरी गुटका कायम चाकाला टेकलेला हाय. दोन वर्षं झाली आसतील. तुमी दोन वर्षं ब्रेक लावून सायकल चालवताय, सर."

"पण आज मग..."

"आज तेल हुतं ना. घसरला गुटका." त्यांनी पान्यानं एक आटा फिरवला, चाकाला बोट लावलं, आणि ते आवाज न करता फिरतच राहिलं. "काय शिकवता सर तुमी कॉलेजात?"

"इतिहास," मी म्हणालो. घर्षण हा धडा मी चोवीस वर्षं शिकवतोय, हे त्यांना सांगण्याची ती वेळ नव्हती.

घरी येऊन मी चाकं धुतली आणि खोक्यात भरायला घेतली. आता त्यांची गरजच नव्हती. आक्काबाई दारात उभ्या राहिल्या.

"पूजा केल्याली वस्तू माघारी देत न्हाईत, जावईबापू. बरं दिसतं का ते?"

बायको म्हणाली, "आई बरोबर बोलतेय." गेले तीन आठवडे जी बाई या चाकांमुळे माझ्याशी धड बोलत नव्हती, तीच बाई! अशा रीतीनं मी शास्त्रीय पद्धतीनं परवडणारी कार्बन चाकं निवडली.

पुढच्या रविवारी पायथ्याच्या चहाच्या टपरीवर माझा सत्कार झाला. अ गटात माझं नाव आलं होतं. रविराजनं शाल आणली होती. मग तो म्हणाला, "आता सरांनी दोन शब्द सांगावेत. चाकं कशी निवडली, कुठली घेतली. आम्हा सगळ्यांना मागवायची आहेत." आठ जण मोबाईल काढून उभे होते.

मला चाकांची कंपनी सांगून मोकळं होता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. पण मी मास्तर आहे. समोर आठ जण चुकीचं उत्तर उतरवून घ्यायला तयार बसलेत हे मला बघवेना. मी खरं ते सांगितलं. ब्रेकचं, तेलाचं, सासूबाईंचं, सगळं.

कोणी हसलं नाही. एकेकानं हळूच आपापली सायकल उचलली आणि चाक फिरवून बघितलं. पाच जणांची चाकं घासत होती. कल्याणचं पुढचं घासत होतं. रविराजचं मागचं चाक दोन फेऱ्यांत थांबलं आणि तो त्याच्याकडे बघतच राहिला. त्या सकाळी मला माझ्या नोकरीतल्या कुठल्याही तासापेक्षा जास्त समाधान मिळालं. दुपारी सगळा क्लब अजीजभाईंच्या दुकानासमोर रांगेत उभा होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी रविराजचा फोन आला.

"सर, क्लब तुमचा ऋणी आहे. तुमच्यामुळे सगळ्यांच्या वेळा सुधारल्या. कल्याण सर अठरात चढले, मी सोळात."

"छान, छान," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

"त्यामुळे अ गटाची मर्यादा आता एकोणीस केलीय."

ब्रेक सोडवल्यापासून माझी वेळ वीस मिनिटं पाच सेकंद होती, आणि हे त्यालाही माहीत होतं, कारण ती त्यानंच लावली होती.

"रविराज, अरे, मी सांगितलं नसतं तर तू अजून ब्रेक लावून फिरला असतास!"

"हो सर. म्हणूनच म्हटलं, ऋणी आहे." तो खरंच आदरानं बोलत होता, आणि त्यामुळे त्याला शिव्याही देता येत नव्हत्या. "पण नियम सगळ्यांना सारखा असायला पाहिजे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना."

तसलं काही मी शिकवल्याचं मला आठवत नाही. मी शिकवलं असेल ते त्यानं शिकलेलं नाही, एवढं अडतीस मार्कांवरून स्पष्ट आहे.

"रविवारी किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

"आम्ही पाचला निघतो सर. तुमचा गट सातला. नाश्ता करून आलात तरी चालेल."

मी फोन ठेवला, आणि त्या रविवारी सातलाच, पण मुद्दाम उपाशीपोटी गेलो.